रंग चकचकीत, चेसी पोकळ: जुन्या पिकअपचा गंज कुठे बघायचा?

सुट्टी लागली की एक व्हिडिओ हमखास फिरतो. हर्णै, कर्दे, अलिबाग, किनारा कुठलाही असो. वाळूत उतरवलेली गाडी भरतीत सापडलेली असते, लाटा बॉनेटवरून जात असतात आणि शेवटी ट्रॅक्टर नाहीतर जेसीबी येऊन तिला ओढून काढतो. बघे टाळ्या वाजवतात, बातमी तिथे संपते. गंजाची गोष्ट मात्र तिथून सुरू होते. ती गाडी धुतली जाते, सीट उन्हात वाळवल्या जातात, आणि वर्ष-दोन वर्षांनी 'एका हाताने वापरलेली' म्हणून ती कुणाच्या तरी दारात येते.

पर्यटकाची गाडी आयुष्यात एकदा खाऱ्या पाण्यात जाते. मासळी वाहणारी पिकअप रोज जाते. म्हणून हा लेख पिकअपबद्दल.

आमच्या वाडीतल्या एकाने आंब्याच्या हंगामासाठी बारा वर्षांची पिकअप बघितली होती. रंग नवा, टायर बरे, इंजिन एका सेल्फमध्ये सुरू. सोबत नेलेले मेस्त्री मात्र इंजिनाकडे वळलेच नाहीत. टॉर्च आणि लहान हातोडी घेऊन ते थेट गाडीखाली शिरले. वर आम्हाला नुसता आवाज: टण, टण, टण... भद. मग पुन्हा भद. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "वरून कीर्तन, आतून तमाशा." विकणाऱ्याचं उत्तर तयार होतं: "अहो, गंज काय, कोकणात सगळ्याच गाड्यांना असतो."

तोही खोटं बोलत नव्हता. कोकणात जिथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि वाराच खारा असतो, तिथे बिनगंजाची जुनी गाडी शोधायला गेलं तर गाडी मिळायची नाही. प्रश्न गंज किती आहे हा नसतोच फारसा. तो कुठे आहे, हा असतो.

गंज म्हणजे नको असलेली बॅटरी

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन या दोनच गोष्टी लागतात. मीठ लागत नाही. मग मिठाला एवढं का घाबरायचं?

कारण गंजणं ही विजेची क्रिया आहे. ओल्या पत्र्यावरची एक जागा इलेक्ट्रॉन सोडते आणि झिजते. शेजारची जागा ते घेते आणि शाबूत राहते. हे चक्र फिरायला दोघींच्या मधल्या पाण्यातून विद्युतभार वाहावा लागतो. पावसाचं पाणी या कामात मंद असतं, खारं पाणी चलाख. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे तीच बॅटरी पूर्ण जोरात चालू.

मिठाची दुसरी खोड स्वयंपाकघरात रोज दिसते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? कुणी पाणी ओतलेलं नसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच ओल ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओल धरून ठेवतं. म्हणजे पाऊस थांबला, ऊन पडलं, गाडी वरून कोरडी ठणठणीत झाली, तरी खालच्या सांध्यात बसलेलं मीठ तो सांधा ओलाच ठेवतं.

बरं, गंज चढला की तो थर खालच्या लोखंडाचं रक्षण का करत नाही? ॲल्युमिनियमचं तसंच होतं की. त्याच्यावर ऑक्साइडची पातळ साय धरते आणि घट्ट बसते, मग पुढचं झिजणं थांबतं. लोखंडाचा गंज मात्र चिरोट्यासारखा असतो: पापुद्रे, पापुद्र्यांत पोकळी, पोकळीत पाणी. शिवाय तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज माजला की तो आतून ढकलत सांधा उचकटतो. चेसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, पत्रा फुगलेला दिसला तर समजावं की आत हे चाललंय.

(दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं कसा टिकला, हे कुणीतरी विचारतंच. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे त्यावर घट्ट बसणारा रक्षक थर तयार झाला. दिल्लीची हवाही बरीचशी कोरडी. तो खांब हर्णैच्या बंदरात उभा केला असता तर काय झालं असतं, हा वेगळा प्रश्न.)

चिखलाखाली जास्त का सडतं?

आता जरा उलटी वाटणारी गोष्ट. गंजाला ऑक्सिजन लागतो, तर जिथे हवा मोकळी खेळते तिथे गंज जास्त हवा. प्रत्यक्षात जास्त झिजते ती हवा न पोचणारी जागा. एकाच ओल्या पत्र्याचा एक भाग उघडा आणि एक चिखलाखाली असेल, तर उघडा भाग इलेक्ट्रॉन घेणारा होतो आणि चिखलाखालचा देणारा, म्हणजे झिजणारा. वर नुसते तांबडे डाग, खाली खड्डा.

एवढं एक कळलं की जुन्या गाडीत कुठे बघायचं याचा नकाशाच हातात येतो: चिखल साचतो ती जागा, पत्र्यावर पत्रा बसलेला सांधा, पोकळ पेटीचा तळ, रबराच्या गुटक्याखालची बैठक. दाराच्या कडेचा आणि हौद्याच्या (मागच्या माल भरायच्या भागाच्या) फाळक्याचा गंज डोळ्यांत भरतो, पण तो बहुतेक वेळा दिसण्यापुरता असतो. हौद्याला भोक पडलं तर फार तर कांदे सांडतील.

शिडी, आणि तिच्यावर उभी गाडी

पिकअप आणि साधी मोटार यांच्या बांधणीत मूळ फरक आहे. आजच्या बहुतेक मोटारींमध्ये वेगळा सांगाडा नसतो, सगळा पत्राच मिळून भार उचलतो. पिकअपला खाली पोलादी शिडी असते: दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे पट्टे. तिला चॅसिस म्हणतात, गॅरेजच्या भाषेत चेसी. इंजिन, केबिन, हौदा, पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा), स्टिअरिंग, सगळं या शिडीला टांगलेलं किंवा तिच्यावर ठेवलेलं असतं.

काही गाड्यांत हे दांडे एका बाजूने उघड्या पन्हळीसारखे असतात, काहींत चारही बाजूंनी बंद पेटीसारखे. बंद पेटी पीळ सोसायला जास्त भक्कम. पण तिला पाणी निघून जायला जी भोकं ठेवलेली असतात, त्यांतूनच रस्त्यावरचं पाणी, वाळू, मीठ आत जातं. भोक चिखलाने बुजलं की दांडा आतून भिजत राहतो. बाहेरून रंग शाबूत आणि आतून पत्रा कमी कमी होत जातो. वाळवी लागलेला वासा वरून गुळगुळीतच दिसतो, हातोडी मारली की कळतं.

यात भर पडते ती मालाची. मासळीच्या गाडीत बर्फ वितळतो, त्याचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून खाली गळतं. त्या पाण्यावरून दुचाकी घसरतात म्हणून कोकणात ओरड होते, आणि ती रास्तच आहे. पण रस्त्यावर पडण्याआधी ते पाणी गाडीच्या मागच्या धुऱ्यावरून आणि पाट्यांच्या बैठकींवरून ओघळलेलं असतं. मासळीचा हंगाम संपला की तीच गाडी जांभ्याचे चिरे भरून घाट चढते. चिरा किती वजनदार असतो आणि गाडीत कायद्याने किती बसायला हवेत, हे चालकाला पक्कं ठाऊक असतं. तरी वर एक थर चढतोच.

पोलादाला ताण एकदाच बसत नाही. प्रत्येक खड्ड्यात चेसी किंचित वाकते, परत येते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच हे. याला धातूचा थकवा म्हणतात. कोरड्या हवेत पोलादाची एक लक्ष्मणरेषा असते, तिच्या आतले हेलकावे ते जवळजवळ कायम सोसू शकतं. खारट ओलीत ही रेषाच पुसली जाते. गंजाने पाडलेल्या प्रत्येक खळग्याच्या तळाशी ताण एकवटतो, तिथे केसाएवढी चीर सुटते, चिरेत खारं पाणी शिरतं, चीर पुढे सरकते. म्हणून 'तीन मिलिमीटरचा पत्रा होता, अजून दोन मिलिमीटर उरलाय, म्हणजे दोन-तृतीयांश ताकद आहे' हा हिशेब चालत नाही. गंज सगळीकडे सारखा खात नाही. चेसी तिच्या सगळ्यात पातळ जागेइतकीच मजबूत असते.

आणि अपघातात? समोरून धडक बसली की जोर कुठून कुठे जावा, गाडी कुठे चुरगळावी आणि कुठे ताठ राहावी, हे आधी ठरवलेलं असतं. सडलेली चेसी तो आराखडा पाळत नाही. पुढून दबायच्या ऐवजी ती केबिनच्या खालीच दुमडू शकते.

एवढी मोठी कंपनी असं होऊ देईल?

होऊ शकतं, आणि झालेलं आहे. अमेरिकेच्या थंड राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथे टोयोटाच्या टकोमा या लोकप्रिय पिकअपच्या चेसी अकाली सडू लागल्या. २००८ मध्ये कंपनीने १९९५ ते २००० च्या टकोमांसाठी गंजाची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली. चेसी कामातून गेली असेल तर गाडीच्या बाजारभावाच्या दीडपट रक्कम देऊन ती परत घेतली. गंजक्या गाडीला दीडपट भाव! त्या वर्षी अमेरिकेतल्या अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा गंज पाहून आनंद व्यक्त केला असेल.

२००९ मध्ये टुंड्रा या थोरल्या पिकअपची पाळी आली. २००० ते २००३ च्या सुमारे १ लाख १० हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. मागचा आडवा पट्टा सडून त्याला टांगलेली स्टेपनी रस्त्यावर पडण्याचा धोका होता, आणि तिथूनच जाणारे मागच्या ब्रेकचे पाइपही जायबंदी होऊ शकत होते. पुढे फ्रेम पुरवणाऱ्या डेना कंपनीने टोयोटाला अडीच कोटी डॉलर देऊन आपला हिशेब मिटवला. तरी प्रकरण संपलं नाही. २०१६ मध्ये टकोमा, टुंड्रा आणि टोयोटाचीच सिक्वोया ही एसयूव्ही मिळून सुमारे १५ लाख गाड्यांसाठी ३.४ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड झाली. चूक मात्र कंपनीने मान्य केली नाही. निकष ठरला तो असा: चेसीला १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठं भोक पडलेलं असेल तर चेसीच बदलून द्यायची. एका गाडीचा तो खर्च सुमारे १५ हजार डॉलर धरला गेला.

करंगळी जाईल एवढं भोक, आणि अख्खी चेसी बाद. ठिगळ नाही.

ब्रेकचा पाइप नेमका नको तेव्हाच का फुटतो?

चेसी तुटली तर निदान आवाज होतो, गाडी वाकडी चालते, दार नीट लागत नाही. काहीतरी इशारा मिळतो. ब्रेकचा पाइप तेवढाही देत नाही, म्हणून मला वैयक्तिक धास्ती त्याची जास्त वाटते.

हे पाइप पेन्सिलीपेक्षाही बारीक, पोलादी, आणि त्यांची भिंत मिलिमीटरपेक्षा पातळ. ते चेसीला चिकटून पुढून मागे जातात आणि जागोजागी क्लिपांनी धरलेले असतात. क्लिपखाली माती, मातीत मीठ. वर सांगितलेला सगळा खेळ तिथे चालतो. पेडल दाबलं की इंजेक्शनच्या दट्ट्यासारखं ऑइल पुढे ढकललं जातं आणि चाकांवर दाब पोचतो. हळू थांबताना हा दाब कमी असतो. कचकन ब्रेक मारला की तो टायरमधल्या हवेच्या वीस-पंचवीस पट सहज होतो.

आता गंजाने पातळ झालेला पाइप डोळ्यांसमोर आणा. सिग्नलला, वळणावर, रोजच्या थांबण्यात तो धरतो. ज्या दिवशी समोर गुरं आडवी येतात आणि चालक जीव खाऊन पेडल दाबतो, त्याच दिवशी दाब कमाल होतो आणि पाइप फुटतो. योगायोग नाही हा. सुदैवाने ब्रेकची यंत्रणा दोन स्वतंत्र भागांत विभागलेली असते, एक भाग गेला तरी दुसरा राहतो. पण पेडल खूप खाली जातं, थांबायला अंतर बरंच जास्त लागतं, आणि भरलेल्या गाडीने घाट उतरताना ते अंतर शिल्लक नसतं.

इथेही अमेरिकेतलंच एक उदाहरण आहे, आणि त्याचा शेवट टोयोटाच्या उलट झाला. १९९९ ते २००३ च्या जनरल मोटर्सच्या पिकअप आणि तत्सम गाड्यांचे ब्रेक-पाइप सडत असल्याच्या तक्रारींवरून तिथल्या एनएचटीएसए या रस्तासुरक्षा संस्थेने चौकशी केली. २०१५ मध्ये ती बंद झाली, गाड्या परत बोलावल्या गेल्या नाहीत. संस्थेचं म्हणणं असं की एवढ्या वर्षांनी मिठात पाइप सडणं ही वयाची झीज आहे. मालकांनी गाडी खालून धुवावी, पाइप तपासून घ्यावेत. शिकागो, न्यू जर्सी, टोरांटोकडे जुनी गाडी चालवणाऱ्या मराठी वाचकांनी हा निकाल ध्यानात ठेवावा. मला तो पुरता पटलेला नाही, कारण गंज न धरणारे मिश्रधातूचे पाइप तेव्हाही मिळत होते. पण पटो न पटो, बिल मालकाच्या नावावर फाडलं गेलं.

'पासिंग झालंय की!'

मालवाहू गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. यालाच आपण पासिंग म्हणतो. ते आवश्यक आहे, पण ते त्या दिवसाचं, आणि दिसतं तेवढ्याचं असतं. बंद दांड्याच्या आत किती पत्रा उरलाय, हे नजर टाकून दिसत नाही. त्यात पासिंगच्या आधी खालून काळा रंग मारण्याची पद्धत आहे. जुन्या गाडीच्या खाली ताजा, सलग, चकचकीत काळा रंग दिसला तर मला हायसं वाटत नाही.

'अंडरकोटिंग केलंय, आता काय होतंय?'

नव्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर केलं असेल तर उत्तमच. गंजावर केलं असेल तर गंजाला पांघरूण घातलं. डांबरी थर कुठेतरी तडकतो, पाणी आत जातं, बाहेर येत नाही, आणि हवा न पोचणारी जागा आयती तयार होते. गंज काळा करणारं जे रसायन मिळतं, ते वरचा गंज स्थिर करतं, ठीक आहे. पण गेलेलं लोखंड परत आणत नाही. जळकं ऑइल फवारणं ही आपल्याकडची जुनी युक्ती. तेलाने पाणी दूर राहतं हे खरं, पण ते रबरी बुश खराब करतं, धूळ धरतं आणि ब्रेकवर उडालं तर वेगळीच आफत. त्यापेक्षा पोकळीत फवारायचं मेण चांगलं. ते सांध्यात झिरपतं आणि मऊच राहतं, त्यामुळे तडकत नाही.

'वेल्डिंग मारून देतो, पन्नास वर्षं बघायला नको'

हौद्याला, फाळक्याला, पायरीला खुशाल मारा. चेसीवरचं ठिगळ ही वेगळी गोष्ट. पहिलं म्हणजे ठिगळ कशाला जोडणार? भोकाच्या कडेचा पत्राही पातळच असतो. दुसरं, वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचं उरलंसुरलं आवरण जळतं, आणि तिथे ब्रश पोचत नाही. तिसरं, ठिगळाच्या कडेला कडक-मऊ असा सांधा तयार होतो आणि थकव्याची चीर तिथूनच सुटते. सडलेला तुकडा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून, योग्य जाडीचं पोलाद बसवून, आतून संरक्षण देणारे कारागीर आहेत. ते काम दोन तासांत आणि दोन हजारांत होत नाही.

'जुन्या गाड्यांचा पत्रा जाड असायचा' हेही ऐकू येतं. असायचा. जाड पत्र्याला सडायला वेळ जास्त लागतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि ती वर्षं जुन्या गाडीने कधीच खर्च केलेली असतात.

मेस्त्रींची हातोडी आणि नळाचा पाइप

गाडी बघायला जाल तेव्हा दुपारी जा, आणि ती रँपवर चढवायला सांगा. नुसता जॅक लावून खाली डोकं घालू नका. सडलेल्या चेसीत जॅक घुसल्याचे प्रकार घडतात. बघायच्या जागा या: मागच्या चाकाच्या वरचा चेसीचा उंचवटा, पाट्यांच्या बैठकी, स्टेपनीचा पट्टा, डिझेलच्या टाकीचे पट्टे आणि ब्रेकचे पाइप क्लिपांपाशी. हातोडी हलकी मारा, पाइपांवर मुळीच नको. टण वाजलं तर पत्रा आहे. भद वाजलं तर जाड स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाबा. तो आत गेला तर किमतीवर बोलण्यात अर्थ नाही, चहा पिऊन निघा. पाइपवर तांबूस झाक चालेल. फुगवटे, पापुद्रे किंवा ऑइलची ओल दिसली तर तो बदलल्याशिवाय गाडी घरी आणू नका.

आणि गाडी आपलीच असेल, किनाऱ्यावर किंवा मासळीला जात असेल, तर आठवड्याला गोडं पाणी. वरून नव्हे, खालून. आधी चेसीच्या तळाची बुजलेली भोकं तारेने मोकळी करा. मग बागेचा पाइप दांड्याच्या मागच्या टोकातून आत सारा आणि नळ सोडा. पहिल्यांदा गढूळ तांबडं पाणी येईल, त्याच्यामागून वाळू, कधी मासळीचा खवला. पाणी नितळ येऊ लागेपर्यंत नळ बंद करू नका.